आण्याच्या पठारावर, एका डबीसाठी

जुन्नर तालुक्यात लोक शिवनेरी बघायला जातात, लेण्याद्रीचा गणपती करतात, नाणेघाटात फोटो काढतात. मी एक डबी उघडत होती की नव्हती, एवढं विचारायला गेलो. तेही तीस वर्षं उशिरा.

डबी म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो. मी हवाई दलात होतो, पण आकाशातला नव्हे, जमिनीवरचा. लढाऊ विमानात वैमानिक बसतो त्या खुर्चीला स्फोटकं जोडलेली असतात. विमान हातचं गेलं की तो मांड्यांमधली कडी ओढतो, डोक्यावरची काच उडते आणि खुर्ची त्याच्यासकट बाहेर फेकली जाते. पाय कुठे आपटून मोडू नयेत म्हणून पोटऱ्यांना पट्टे असतात, ते आपोआप पाय मागे ओढून धरतात. मग खुर्ची गळून पडते, छत्री उघडते, माणूस खाली येतो. कुणी कुणी डोकी खपवून हे एकेक शोधून काढलं असेल, त्या सगळ्यांना मी मनातल्या मनात नमस्कार करत असे. माझं काम या खुर्च्या, छत्र्या आणि पट्टे तपासायचं.

छत्रीचे सगळे पट्टे छातीवर एका डबीत येऊन अडकतात. तळहाताएवढी गोल डबी. फिरवायची, वर थाप मारायची, की पट्टे सुटतात. जमिनीवर टेकल्यावर वारा असेल तर हे लगेच करावं लागतं, कारण फुगलेली छत्री माणसाला फरफटत नेते.

आमचे एक तरुण साहेब असेच आण्याच्या पठारावर उतरले. सत्तावीस वर्षांचे. खुर्चीने, पट्ट्यांनी, छत्रीने आपापलं काम चोख केलं होतं. पण खाली टेकल्यावर छत्रीने त्यांना ओढत नेलं आणि दगडी बांधावर आपटलं. दोन ग्रामस्थांनी त्यांना पकडलं आणि दोर कापले. साहेब तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारले, शुद्धीवर न येता. छातीवरची डबी बंदच होती. चौकशीत ती उघडून पाहिली तर सहज उघडली. वैमानिक भांबावला असावा, असा निष्कर्ष निघाला आणि फाईल मिटली.

माझ्यावर ठपका आला नाही. पण ती डबी त्याच सकाळी मी पुसून बसवली होती, आणि दिवस धुळीचे होते. एखादा खडा आत राहिला असेल, साहेबांनी जिवाच्या आकांताने डबी फिरवली असेल, ती फिरली नसेल, आणि बांधावर आपटल्यावर खडा निघून गेला असेल. हे मी बायकोला, शैलाला, किती वेळा सांगितलं त्याला हिशोब नाही. ती म्हणायची, "ज्यांनी पकडलं त्यांना एकदा जाऊन विचारून तरी या." मी म्हणायचो, जाऊ. दोन वर्षांपूर्वी शैला गेली. आम्हाला मूलबाळ नाही. घरात माझी ही गोष्ट ऐकणारं कुणी उरलं नाही, तेव्हा कुठे मी मार्गशीर्षात पिशवी भरली.

जुन्नर आणि लेण्याद्री

सरळ आण्याला जायचं धाडस झालं नाही, हे कबूल करतो. वाटेत नारायणगावला नाकासमोरून आण्याच्या वाटेवरची आळेफाट्याची गाडी सुटली आणि मी मुकाट्याने जुन्नरच्या एसटीत बसलो. स्वतःला म्हटलं, गणपती करून जाऊ.

मला एक खोड आहे. कुठेही गेलो की मी बांधलेल्या गोष्टी बघतो. एसटीच्या टपावरचा दोर, दुधाच्या कॅनची साखळी, आईने पोटाशी बांधलेलं तान्हं मूल. जुन्नरच्या रस्त्यावर टोमॅटोचे क्रेट लादलेले पिकअप असे काही करकचून बांधलेले असतात की पाहून समाधान वाटतं. ड्रायव्हरने मात्र स्वतःचा पट्टा लावलेला नसतो.

लॉजवाल्याने विचारलं, "एकटेच?" मी हो म्हणालो. त्याने दोन खाटांची खोली दिली, एकाची नव्हतीच म्हणे. दुसऱ्या खाटेवर मी पिशवी ठेवली, चष्म्याचं घर ठेवलं, टॉवेल पसरला. तरी ती रिकामीच दिसत होती.

दुपारी खानावळीत मासवडी खाल्ली. बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून वळकटी करतात आणि वड्या पाडतात. नावातच काय तो मासा. शेजारी वाटीभर लालभडक रस्सा. पुण्यात हॉटेलांत मिळते ती मासवडी या रश्शाला घाबरून केलेली असते. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तसा वाढपी म्हणाला, "काका, दही देऊ का?" मी मानी माणूस, नको म्हणालो, आणि पुढचा तासभर पाणी पीत हिंडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेण्याद्री. तीनशेच्या आसपास पायऱ्या. डोलीवाले मागे लागले. डोलीच्या खुर्चीची गाठ मी ओढून पाहिली, चांगली होती, तसं सांगितलंही. त्यांना वाटलं मी बसणार. बसलो नाही म्हणून थोडं चेष्टेचं ऐकून घ्यावं लागलं. वर एका घरच्या अकरा माणसांनी माझ्या हातात फोन दिला आणि फोटो काढायला सांगितला. मी तीन काढले. मग त्यांतल्या सुनेने विचारलं, "तुमचा काढू का?" कुणाला दाखवायचा, या विचाराने मी क्षणभर उगीच चिडलो आणि तिला नको म्हणालो. तिचा काहीच दोष नव्हता.

उतरताना माकडाने पिशवी धरली. मीही धरली. पन्नाशीच्या आत असतो तर जिंकलो असतो. पिशवी मला मिळाली, पण तिचा पट्टा उसवून लोंबायला लागला. आयुष्यभर पट्टे तपासलेल्या माणसाची ही गत, असं म्हणायला शैला असती तर पुढच्या दहा पायऱ्या हसत राहिली असती.

पट्टा शिवायला जुन्नरच्या बाजारात रशीदभाईंच्या दुकानात गेलो. साठीचे, दाढी मेंदीने रंगवलेली, जुन्या मशीनवर चटईएवढं रेक्झिन शिवत बसलेले. त्यांनी पट्टा शिवला तो आडव्या चौकटीत फुली मारून.

मी म्हणालो, "ही शिलाई आमच्यात छत्रीच्या पट्ट्यांना असायची."

"कसली छत्री?"

"विमानातून उडी मारतात ती."

रशीदभाईंनी मशीन थांबवलं. "अरे, मग तिथूनच तर शिकलो मी! लई वर्सं झाली. आन्याच्या दोन भावांनी कापड आनलं व्हतं. नारिंगी. असं कापड मी जिंदगीत बघितलं नव्हतं, सुईच जाईना. त्याला एक पट्टा लटकत व्हता, त्याच्यावर ही शिलाई. मी उसवून बघितली, तवा समजलं. क्या काम था! ज्यानं शिवली त्याला सलाम."

"कापडाचं काय केलंत?"

"त्यांच्या बैलाला झूल करून दिली. गाड्याचे शौकीन ते. किसन आन् बबन. आन्यात जाऊन गाडेवाला किसन म्हना, कुनीबी घर दावील."

तीस वर्षं मी ज्या दोन माणसांना फक्त "दोन ग्रामस्थ" म्हणून ओळखत होतो, त्यांची नावं मला माकडाच्या कृपेने मिळाली. शिलाईचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणे

आळेफाट्याहून पूर्वेला निघालं की ऊस हळूहळू मागे राहतो. खालच्या पट्ट्यात उसात बिबट्याची भीती. जागोजागी पाट्या आहेत, रात्री एकटे फिरू नका. घाट चढून पठारावर आलं की लपायला जागाच नाही. उघडा माळ, बाजरीची धसकटं, काळ्या दगडांचे बांध आणि वारा. एसटीतून उतरलो आणि टोपी गेली. ती पकडायला पंधरा-वीस पावलं पळालो, तेव्हाच मला समजलं की चौकशीच्या फायलीत 'वारा जोरात' असं जे दोन शब्दांत लिहिलं होतं, ते काय होतं.

किसनरावांचं घर मळ्यात. अंगणात लाल रंग दिलेला गाडा उभा, गोठ्यात दोन पांढरे शुभ्र खोंड. किसनराव सत्तरी ओलांडलेले, पण खांद्याने रुंद. बबनराव थोरले, ते गेल्या वर्षी वारले. बबनरावांच्या पत्नी, म्हणजे किसनरावांच्या वहिनी, ओट्यावर शेंगा निवडत होत्या. मी हवाई दलातून आलोय म्हटल्याबरोबर किसनराव उठून उभे राहिले.

"पावणं, लई उशीर केला राव," ते म्हणाले. "आदी बसा, जेवा. मंग बोलू."

जेवण झाल्याशिवाय या भागात कामाचं बोलत नाहीत. आमच्याकडे पुण्यात आधी काम आटपतात आणि चहा घेणार का, ते उठताना विचारतात. वहिनींनी बाजरीची भाकरी आणि आमटी वाढली. आण्याच्या यात्रेत गावजेवणाला मोठ्या कढयांतून अशीच आमटी होते. मिरी-लवंगेचा वास आधी येतो, तिखट मागून. मी चौथ्या घासाला दही मागून घेतलं. इथे मान राखायची गरज वाटली नाही.

हात धुतल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी काय झालं, मला नीट सांगाल का?"

किसनराव रंगात आले. ही गोष्ट त्यांनी शेकडो वेळा सांगितली असणार.

"वैशाख व्हता. वारं असं, की उभं ऱ्हाता येईना. आमी दोघं त्या खालच्या बांधावर दगुड रचत व्हतो. वर काईतरी फुटल्यावानी आवाज झाला. बघतो तर नारिंगी-पांढरं कापड. आमाला वाटलं, कुनाचा मांडव उडाला. मंग दिसलं, खाली मानूस लोंबतोय! त्यो टेकला, आन् कापड फुगलं, निघालं त्याला घिऊन. आमी दोघं पळालो. आता आमी गाड्याची मानसं, पावणं. धरायचं आमाला सांगाय लागत न्हाई."

इथे मध्येच थांबून सांगायला हवं. जुन्नर-आंबेगावात बैलगाड्यांच्या शर्यती होतात त्या चढावर; त्या धावेच्या चढाला घाटच म्हणतात. गाड्यावर हाकणारा नसतो. बैल सुसाट वर येतात आणि वर आल्यावरही थांबत नाहीत. त्यांना धरायला माणसं उभी असतात, एक डावीकडून, एक उजवीकडून. एकदा हात घातला की फरफटत गेलं तरी सोडायचं नाही, कारण सुटलेला बैल गर्दीत घुसतो. किसन-बबनची जोडी या कामात पंचक्रोशीत नावाजलेली होती.

"मी डावा हात धरला, बबननं उजवा. असं." किसनरावांनी उठून माझा हात धरला. एक पंजा मनगटावर, दुसरा काखेत. या वयातही पकड अशी की मला बोटंसुद्धा वर नेता येईनात. "टाचा रवल्या जमिनीत. तरी बी कापड तिघांना बी ओढतंय. माजं गुडघं सोलून निघालं."

"साहेब शुद्धीत होते?" मी विचारलं.

"व्हतं की! वरडत व्हतं. छोडो, छोडो. आन् काय ताकद! हात सोडवून घ्याया बघत व्हतं सारखं. छातीकडं न्यायचं व्हतं त्यांना हात."

"छातीकडे?"

"हां. हितं." काखेतला हात काढून त्यांनी माझ्या छातीच्या मधोमध बोट ठेवलं. "आमाला वाटलं, कळ आली आसंल. मानूस भ्यालाय. बबन म्हनला, सायेब, काय बी हू द्या, आमी न्हाई सोडत! आन् न्हाई सोडलं. बांधावर डोकं आपटलं त्यांचं, तरी बी न्हाई. मंग वैनी विळा घिऊन आली, तिनं दोऱ्या तोडल्या."

माझा हात अजून त्यांच्या पकडीतच होता.

डबी चांगली होती. तिच्यात खडा नव्हता. साहेबांचा हात तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. हे कळल्यावर मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायला हवं, नाहीतर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. छातीवरून पोतं उतरल्यासारखं हलकं वाटलं, आणि त्याच क्षणी समोरच्या माणसाचे सोललेले गुडघे दिसायला लागले. मोकळ्या हाताने धोतर वर करून तो मला ते जुने व्रण दाखवत होता, अभिमानाने. माझी स्वतःचीच मला किळस आली.

किसनराव हात सोडून खाली बसले. मग त्यांनी विचारलं, "जगलं ना सायेब?"

उत्तराची वाट न पाहता ते पुढे सांगू लागले.

"दुसऱ्या दिशी तुमची मानसं आली, आमचा जबाब लिवून घेतला, अंगठं घेतलं, कापड नेलं. एक तुकडा आमीच लपवून ठिवला व्हता, खोटं कशाला बोलू. तवा सायेब दवाखान्यात हाय म्हनलं. पुन्यांदा कुनी सांगाया आलं न्हाई. गावात कोन म्हनायचं गेलं, कोन म्हनायचं बरं हून परदेशात गेलं. बबन जायच्या आदी दोन दिस मला म्हनला, किसन्या, कळलं का रं काई?"

तीस वर्षं मी माझ्या प्रश्नाला कुरवाळत बसलो होतो. त्याच तीस वर्षांत इथे माळावर दोन माणसं आपला प्रश्न घेऊन बसली होती आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ होतं, हे मला कधी सुचलंच नाही. एक पोस्टकार्ड टाकलं असतं तरी पुरलं असतं. तेव्हा खरं सांगता आलं असतं. साहेब गेले, पण तुम्ही शर्थ केलीत, एवढंच. डबीचं आणि हातांचं कुणालाच माहीत नव्हतं. आता मला माहीत होतं, आणि गेले म्हटलं की पुढचा प्रश्न कसे, हा येणार. त्याचं उत्तर त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून वाचलं असतं.

"जगले," मी म्हणालो.

किसनरावांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग ओट्याकडे वळून ओरडले, "वैनी, ऐकलं का? जगलं! मी म्हनत नव्हतो?" आणि लगेच माझ्याकडे, "लावा की मंग फोन त्यांना. बोलतो मी."

मी खिशात हात घातला. का घातला कोण जाणे, फोन काढून काय करणार होतो ते मलाच माहीत नव्हतं. वहिनी शेंगा तशाच टाकून माझ्याकडे बघत होत्या. दोर कापताना साहेबांचं डोकं त्यांनी जवळून पाहिलं असणार.

"भावजी, मोठी मानसं ती, दुपारची झोपली आस्तील," त्या म्हणाल्या. "नगा तरास दिऊ."

निघताना किसनरावांनी शेंगांच्या दोन पिशव्या भरायला सांगितल्या, मोठी साहेबांना, लहान मला. वहिनींनी भरल्या आणि दोन्हींची तोंडं एकाच सुतळीने एकत्र बांधली. म्हणाल्या, "एकाच हातात धरा, भाऊ. हलकं पडंल." त्यांना सगळं कळलं होतं, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. किसनराव रस्त्यापर्यंत आले, एसटीला हात त्यांनीच केला, माझा नंबर एका सिगारेटच्या पाकिटावर माझ्याकडूनच लिहून घेतला.

परत आल्यावर

चौथ्या दिवशी फोन आला.

"पोचल्या का सायबाला शेंगा?"

"पोचल्या."

"काय म्हनलं?"

मी स्वयंपाकघरात उभा होतो, समोर टरफलांचा ढीग होता. म्हणालो, "तुम्ही दोघांनी किती घट्ट धरलं होतं, ते अजून आठवतं म्हणाले."

तिकडून पठारावरचा वारा ऐकू आला. मग किसनराव रडत असल्याचं लक्षात आलं. मीही रडलो, फोन बाजूला धरून.

आता दर सोमवारी त्यांचा फोन येतो. आठवड्यात मला येणारा तेवढाच एक. ते आधी साहेबांची तब्येत विचारतात. हिवाळ्यात मी साहेबांना थोडा खोकला लावला, गेल्या महिन्यात त्यांच्या नातवाचं बारसं केलं. सत्ताविसाव्या वर्षी गेलेल्या माणसाचं मी हळूहळू वय वाढवत नेतोय. ते सगळं ऐकून झालं की किसनराव म्हणतात, "आन् तुमी कसं हाये, पावणं?"

मी म्हणतो, बरा आहे.